अनेक उपकरणांसाठी साधे लाकडी चार्जिंग स्टँड : रचना कशी असावी?

कोनाडा

आमच्या घरात चार मोबाइल, एक टॅब्लेट, एक लॅपटॉप आणि कानात घालायच्या इयरफोनची एक डबी अशी उपकरणे रोज चार्ज होतात. त्यांच्या वायरी सध्या दिवाणखान्यातल्या टीपॉयवर, सोफ्याच्या हातावर आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या टोकाला पसरलेल्या असतात. बाजारात प्लास्टिकचे आणि बांबूचे तयार स्टँड मिळतात, परंतु ते बहुतेक लहान, एकाच जाडीच्या मोबाइलसाठी केलेले असतात आणि आपल्याकडच्या अॅडॅप्टरांचा विचार त्यांत अजिबात नसतो. त्यामुळे लाकडी स्टँड घरीच करावे असे ठरवले आहे. सुतारकामाची मला आवड आहे. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि एक ड्रिल मशीन इतकी हत्यारे घरात आहेत.

प्राथमिक कल्पना अशी आहे : १८ इंच लांब, ८ इंच खोल आणि ५ इंच उंच अशी पेटी, वरती बिजागऱ्यांचे झाकण, झाकणात उपकरणे उभी ठेवण्यासाठी खाचा आणि पेटीच्या आत एक्स्टेन्शन बोर्ड, सगळे अॅडॅप्टर व जास्तीच्या वायरी. बाहेर फक्त एक वायर निघेल आणि ती भिंतीवरच्या सॉकेटमध्ये जाईल. जुन्या दाराची सागवानी चौकट माळ्यावर पडून आहे, तिचे लाकूड वापरावे असा विचार आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. मापे योग्य आहेत का, जुने सागवान वापरावे की प्लाय, आणि पेटी पूर्ण बंद असली तर काही धोका आहे का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

विद्युत्प्रवाही

कोनाडा, तुमचा तिसरा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा होता, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मापे ठरवता येणार नाहीत.

प्रथम विजेच्या भाराचा हिशेब करू. चार मोबाइल प्रत्येकी २५ वॅटने, टॅब्लेट ३० वॅटने आणि लॅपटॉप ६५ वॅटने एकाच वेळी चार्ज होत आहेत असे धरले, त्यात इयरफोनच्या डबीचे ५ वॅट मिळवले, तर बेरीज २०० वॅटच्या आसपास येते. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर हा प्रवाह एक अँपिअरसुद्धा होत नाही. म्हणजे ६ अँपिअरच्या साध्या बोर्डाला हा भार जड नाही आणि वायर तापण्याची चिंता, वायर व बोर्ड चांगल्या प्रतीचे असतील तर, करण्याचे कारण नाही.

चिंता आहे ती अॅडॅप्टरांतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेची. चांगल्या अॅडॅप्टरची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास धरली, तर २०० वॅट उपकरणांना देताना साधारण २० वॅट त्या पेटीतच उष्णतेच्या रूपाने राहतात. पूर्वी रात्री लावायचा झिरोचा दिवा साधारण १५ वॅट खात असे. त्याहून जास्त उष्णता तुम्ही एका बंद लाकडी पेटीत तासभर तरी कोंडणार आहात. लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे. पत्र्याच्या पेटीतली उष्णता पत्र्यातून बाहेर निसटते, लाकडाच्या पेटीतली आतच साचते. याने पेटी लगेच पेट घेईल असे नाही, कारण लाकूड पेटायला अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते. परंतु आतली हवा तापली की अॅडॅप्टर स्वतःची क्षमता कमी करतात, चार्जिंग मंदावते आणि अॅडॅप्टरमधले कपॅसिटर लवकर निकामी होतात. शिवाय एखादा निकृष्ट अॅडॅप्टर बिघडला तर त्याच्याभोवती बंद लाकूड असावे असे कोणीही म्हणणार नाही.

तेव्हा झाकण रद्द करा आणि मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. तळाला चार रबरी बटणे लावून पेटी अर्धा इंच उचला आणि तळफळीत लांबट खाचा पाडा. गार हवा खालून आत येईल आणि गरम हवा वरून निघून जाईल. तिला वाट मात्र वरच्या बाजूला द्यावी लागेल, नुसती खालची भोके उपयोगाची नाहीत.

ओंडका

विद्युत्प्रवाही यांच्याशी सहमत. मागची बाजू उघडी ठेवली तरी स्टँड भिंतीला अगदी टेकवले तर ती बंदच झाली, म्हणून मागच्या दोन्ही कडांना एक-एक इंचाचे ठोकळे लावावेत म्हणजे अंतर आपोआप राहील.

आता लाकडाविषयी. जुनी सागवानी चौकट मिळत असेल तर ती सोडू नका. इतक्या वर्षांत ते लाकूड पूर्ण वाळलेले असते आणि नवीन सागवान वखारीत घनफुटाने घ्यायला गेलात तर स्टँडपेक्षा लाकडाचा खर्च जास्त होईल. मात्र तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे खिळे. जुन्या चौकटीत बिजागऱ्यांचे स्क्रू, होल्डफास्ट (चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि रंगाखाली दडलेल्या चुका म्हणजे बारीक खिळे हमखास असतात. लोहचुंबक दोऱ्याला बांधून सर्व बाजूंनी फिरवा. जिथे तो ओढला जाईल तिथे पटाशीने उकरून खिळा काढा आणि मगच रंधा लावा. रंध्याचे पाते एकदा खिळ्यावर गेले की त्याला पडलेला दाता घासून काढताना दिवस जातो.

दुसरी गोष्ट चौकटीच्या मापाची. चौकट साधारण ४ इंच बाय अडीच इंच असते; त्यातून १२ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या चिरून घ्याव्या लागतील. हे काम हातकरवतीने करण्याच्या फंदात पडू नका, सॉ मिलवाला ते थोड्या पैशांत करून देतो आणि मशीनवर रंधूनही देतो. फक्त खिळे काढले आहेत हे त्याला आधी सांगा. पट्ट्या ४ इंचांच्याच मिळणार असल्याने वरची फळी दोन-तीन पट्ट्या कडेला कड जोडून करावी लागेल. सागवानाला स्वतःचे तेल असते, त्यामुळे जोडण्याच्या कडा आधी थिनरने पुसून घ्या, वाळू द्या आणि त्यानंतरच फेव्हिकॉल लावा.

तिसरी गोष्ट म्हणजे लाकडाची हालचाल. वाळलेले लाकूडसुद्धा पावसाळ्यात आडवे फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र ते जवळजवळ हलत नाही. वरची फळी चारी बाजूंनी फेव्हिकॉल लावून घट्ट चिकटवली तर एक-दोन ऋतूंत तिला चीर पडेल किंवा ती वाकेल. ती खालून स्क्रूने बसवा आणि मागच्या स्क्रूंची भोके गोल न पाडता लांबट पाडा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहील.

हे सर्व नको असेल तर १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर म्हणजे ओलाव्याला टिकणारा प्लाय घ्या. तो हलत नाही, वाकत नाही आणि कडांना सागवानी पट्टी मारली की पाहणाऱ्याला फरक कळत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, मात्र घेऊ नका. स्क्रू कडेतून मारला की ते फुटते आणि ओलाव्याने फुगते.

रत्नांग्रीवाला

सागवानाव्यतिरिक्त फणसाचे लाकूड विचारात घ्यावे असे मी सुचवेन. आमच्याकडे कोकणात ते पूर्वीपासून घरबांधणीत आणि फर्निचरमध्ये वापरले जाते, कामाला सोपे आहे आणि नवीन असताना पिवळे दिसणारे हे लाकूड पुढे सुंदर तांबूस तपकिरी होते. आंब्याचे लाकूड स्वस्त मिळते, परंतु त्याला कीड फार लवकर लागते, त्यामुळे प्रक्रिया केल्याशिवाय ते घेऊ नये.

आमच्याकडच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा इतका असतो की भिंतीला टेकलेल्या वस्तूंना बुरशी धरते. ओंडका यांनी सुचवलेले एक इंच अंतर उष्णतेसाठी आहेच, ते ओलाव्यासाठीही तितकेच आवश्यक आहे.

कोनाडा

सर्वांचे आभार. झाकणाची कल्पना सोडली. आता उंचीचा प्रश्न उरतो. ५ इंच पुरतील का? आणि मोबाइल उभा ठेवला तर त्याचे चार्जिंगचे छिद्र खालच्या कडेला येते. मग वायर कशी जोडायची? आडवा ठेवला तर?

गिरमिट

५ इंच पुरणार नाहीत. याचे कारण आपले तीन पिनांचे सॉकेट आणि त्यात बसणारे वजनदार अॅडॅप्टर. बोर्ड भिंतीसारखा उभा लावला तर जड अॅडॅप्टर स्वतःच्या वजनाने पुढे झुकतो, पिना सैल बसतात आणि तिथे ठिणग्या उडून सॉकेट काळे पडते. म्हणून बोर्ड तळाशी आडवा, सॉकेटची तोंडे वर करून ठेवावा, म्हणजे अॅडॅप्टर त्यावर उभे राहतील. बोर्डाची जाडी ४० मिलिमीटर, त्यावर उभ्या अॅडॅप्टरची उंची ७५ मिलिमीटर आणि अॅडॅप्टरच्या डोक्यावरून वायरला वळण घ्यायला ४५ मिलिमीटर धरले, तर आतली मोकळी उंची १६० मिलिमीटर हवी. वरची आणि खालची फळी १२ मिलिमीटरची धरून बाहेरची उंची साडेसात इंच ठेवा. वळणाच्या जागेत काटकसर करू नका. वायर बहुतेक वेळा मध्ये तुटत नाही, पिनेच्या मुळाशी सतत काटकोनात वाकून तुटते.

दुसरे असे की साध्या बोर्डावर सॉकेट इतके जवळ असतात की एक मोठा अॅडॅप्टर लावला की शेजारचे सॉकेट झाकले जाते. बोर्ड विकत घेण्यापूर्वी घरातला सर्वांत रुंद अॅडॅप्टर सोबत न्या आणि दुकानातच लावून पाहा. दुकानदार थोडा वैतागेल, पण हरकत नाही.

मोबाइल आडवा ठेवण्याचा विचार मीही केला होता, परंतु मोबाइलच्या लांब कडेवर आवाजाची आणि पॉवरची बटणे असतात आणि आडवा ठेवला की त्याच्याच वजनाने ती दाबली जातात. एखाद्याचा मोबाइल रात्रभर बंद-चालू होत राहील. त्यामुळे उभाच ठेवावा. रचना अशी करा : वरची फळी पुढच्या फळीपेक्षा २ इंच पुढे काढा. या बाहेर आलेल्या भागात प्रत्येक मोबाइलसाठी पुढून उघडी अशी एक खाच पाडा, २० मिलिमीटर रुंद आणि सव्वा इंच खोल. वायर हातात धरून मोबाइलला जोडायची आणि मग खाचेतून मागे सरकवून मोबाइल खाली टेकवायचा. गोल भोक पाडले तर वायरची पिन दरवेळी खालून शोधत बसावे लागते आणि आठ दिवसांत घरातले सगळे पुन्हा सोफ्यावर चार्जिंग करू लागतात.

पुढची फळी वरून एक इंच आखूड ठेवा. त्या फटीतून वायरी बाहेर येतील आणि विद्युत्प्रवाही म्हणतात ती गरम हवाही तिथूनच निघेल. मोबाइल पुढे घसरू नये म्हणून पुढच्या कडेला २ सूत म्हणजे पाव इंच उंचीची पट्टी लावा आणि खाचांच्या जागी ती तोडा. मागे टेकण्यासाठी एक आडवी पट्टी अशी बसवा की मोबाइल उभ्या रेषेपासून १५ अंश मागे कलेल. खोली ८ ऐवजी ९ इंच घ्या, कारण मोबाइलच्या मागे टॅब्लेट आणि त्यामागे लॅपटॉप येणार आहे.

विद्युत्प्रवाही

गिरमिट यांची एक इंचाची फट हा उत्तम उपाय आहे. मी फक्त बोर्डाविषयी भर घालतो. वायरचा छेद किमान १ चौरस मिलिमीटर असावा, आयएसआय चिन्ह असावे आणि सॉकेटच्या भोकांना आतून पडदे असावेत, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. मोबाइलचे अॅडॅप्टर दोन पिनांचे असतात म्हणून अर्थिंगची गरज नाही असे समजू नका. लॅपटॉपच्या अॅडॅप्टरला ती बहुधा लागते. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर हे निमित्त करून वायरमनकडून बसवून घ्या, कारण एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा नेहमीचा स्विच, वायरीचे रक्षण करते, माणसाचे नाही. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरे एक्स्टेन्शन लावू नका आणि उरलेली वायर गुंडाळी करून आत कोंबू नका.

दूरदेशी

मी जर्मनीत राहतो, पण हाच उद्योग मीही केलेला असल्यामुळे लिहितो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन मोबाइल, टॅब्लेट इत्यादींना युएसबी-सी हेच छिद्र बंधनकारक झाले आहे आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपही त्यात येतात. उत्पादक एकेका बाजारासाठी वेगळे मॉडेल करत बसत नाहीत, त्यामुळे भारतातही हळूहळू तेच चित्र दिसते आहे. मग चार-पाच अॅडॅप्टर आत ठेवण्याऐवजी चार-पाच तोंडे असलेला १०० वॅटचा एकच गॅलियम नायट्राइडचा (लहान आकारात जास्त शक्ती देणारा) चार्जर का ठेवू नये? पेटीची उंचीही निम्मी होईल.

गिरमिट

दूरदेशी, कल्पना चांगली आहे, परंतु आपल्याकडे तिला दोन अडचणी आहेत. अनेक मोबाइल कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच अॅडॅप्टरने आणि त्यांच्याच वायरीने होते. सर्वसाधारण चार्जरवर तोच मोबाइल पुष्कळ सावकाश चार्ज होतो. दुसरे म्हणजे असा चार्जर आपली १०० वॅट क्षमता जोडलेल्या उपकरणांत वाटून देतो. लॅपटॉप एकटा असताना त्याला भरपूर मिळते, शेजारी मोबाइल लावला की क्षणभर सगळ्यांचे चार्जिंग थांबते आणि नव्याने वाटप होते. कोनाडा यांच्या घरात चार माणसे सकाळी घाईत असताना हे चालणार नाही. लॅपटॉपचा अॅडॅप्टर वेगळा ठेवून बाकीच्यांसाठी असा चार्जर वापरणे हा मधला मार्ग आहे, तरीही पेटीची उंची मी कमी करणार नाही. उपकरणे तीन-चार वर्षांत बदलतात, पेटी बदलत नाही.

दूरदेशी

वाटपाचा मुद्दा मान्य. मात्र सी प्रकारच्या वायरी १०० वॅटच्या घ्यायच्या असतील तर ५ अँपिअरच्या, आत चिप असलेल्या घ्याव्यात. साध्या वायरीतून ३ अँपिअर म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅटपर्यंतच मिळतात. लॅपटॉप सावकाश चार्ज होतो अशी तक्रार करणारे बहुतेक जण अॅडॅप्टरला दोष देतात आणि दोष वायरीचा असतो.

सावळागोंधळ

वरच्या फळीखाली वायरलेस चार्जरची चकती लपवली तर एकही वायर दिसणार नाही. कोणी करून पाहिले आहे का?

विद्युत्प्रवाही

करता येते, परंतु चकती आणि मोबाइल यांच्यामध्ये अवघे काही मिलिमीटर अंतर चालते. १२ मिलिमीटरच्या फळीत खालून पोकळी करून वर ३ मिलिमीटरचा पापुद्रा ठेवावा लागेल, आणि मोबाइलला जाड कव्हर असेल तर तेही त्या अंतरात मोजावे लागेल. वायरने होते त्यापेक्षा जास्त ऊर्जा यात उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि ती नेमकी बॅटरीच्या पाठीशी. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. मी याच्या वाटेला जाणार नाही.

सावळागोंधळ

मग निदान आतून अॅल्युमिनियमचा पत्रा लावावा का? आगीपासून संरक्षण होईल.

विद्युत्प्रवाही

नको. २३० व्होल्टच्या शेजारी धातू आणलात की त्याला अर्थिंग करावे लागते. वायरचे आवरण कापले जाऊन पत्र्यात वीज उतरली, तर ज्या वस्तूला घरातला प्रत्येक जण दिवसातून चार वेळा हात लावतो तिचा शॉक बसेल. उघडी मागची बाजू हेच खरे संरक्षण आहे. आगीच्याच धोक्यामुळे फुगलेल्या बॅटरीचा मोबाइल या स्टँडवर मुळीच ठेवू नये, आणि पॉवर बँक आतल्या कप्प्यात न ठेवता वर, डोळ्यांसमोर चार्ज करावी.

ओंडका

पॉलिशविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. लाखेचे पॉलिश सागवानावर अप्रतिम दिसते, परंतु पाण्याचा ग्लास ठेवला की पांढरा गोल उठतो आणि उष्णतेने ते मऊही पडते. या कामाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरे. जवसाच्या तेलाचा हात द्यायचा असेल तर तो पूर्ण वाळायला काही दिवस द्या आणि तेलाचा बोळा चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. तो पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. मोबाइल जिथे टेकतो तिथे फेल्टची (नमद्यासारख्या जाड मऊ कापडाची) पट्टी चिकटवा, रबराची नको. काही रबरांचा पॉलिशवर कायमचा काळा डाग पडतो. तळाच्या रबरी बटणांखालीही याच कारणाने फेल्टच्या चकत्या लावा.

कोनाडा

या चर्चेनंतर रचना अशी ठरवली आहे. लांबी १८ इंच, खोली ९ इंच, उंची रबरी बटणे सोडून साडेसात इंच. वरची फळी जुन्या सागवानाच्या तीन पट्ट्या जोडून, बाकीचे सर्व १२ मिलिमीटरच्या प्लायचे आणि कडांना सागवानी पट्टी. मागची बाजू उघडी, दोन्ही कडांना एक इंचाचे ठोकळे. पुढे चार मोबाइलच्या खाचा. प्रत्येक मोबाइलसाठी ८० मिलिमीटर आणि मध्ये एक इंच अंतर धरले तर ४०० मिलिमीटरच्या आत बसतात आणि दोन्ही टोकांना थोडी जागा उरते, तिथे इयरफोनची डबी राहील. मागे टॅब्लेटसाठी कव्हर धरून १५ मिलिमीटरची आणि लॅपटॉपसाठी एक इंचाची खाच. मुख्य बोर्डात आरसीसीबी नाही असे आढळले, वायरमनला बोलावले आहे.

आता एकच शंका आहे. लॅपटॉप उभा ठेवताना कोणती कड खाली असावी?

गिरमिट

बिजागरीची कड वर ठेवा. बहुतेक लॅपटॉपची गरम हवा बिजागरीच्या बाजूने बाहेर पडते आणि ती कड खाचेत गेली तर वाट बंद होते. लॅपटॉपची खाच मागच्या कडेपासून दीड इंच आत घ्या, अन्यथा लॅपटॉप काढताना हिसका बसला तर सगळे स्टँड मागे उलटेल. खाचेच्या दोन्ही ओठांना पॉलिश पेपरने गोलाई द्या.

विद्युत्प्रवाही

आणि बोर्डाची वायर मागून जिथे बाहेर पडते तिथे तिला तळफळीवर एक पट्टी स्क्रूने आवळून बसवा, म्हणजे झाडताना कोणाचा पाय अडकला तर ताण पट्टीवर येईल, बोर्डाच्या आतल्या जोडणीवर येणार नाही. स्क्रू वायरच्या बाजूने जावा, वायरमधून नव्हे. हे सांगण्याची गरज नसावी, पण मी ते प्रत्यक्ष पाहिले आहे.